मॉड्यूल पाडले, व्हर्जनचं भांडण मात्र कायम

“आमचं ॲप्लिकेशन मॉड्युलर आहे, प्रत्येक मॉड्यूल आपल्या लायब्ररी सांभाळतं; व्हर्जनची भांडणं आमच्याकडे होत नाहीत.” नवा प्रकल्प सुरू होताना हे वाक्य ठामपणे टाकलं जातं आणि ऐकणारे माना डोलावतात. हा समज साफ चुकीचा आहे, आणि तो इतका पक्का बसलाय की पुन्हा पुन्हा खोडावा लागतो.

मॉड्यूल पाडल्याने कोडची आणि कामाची विभागणी होते. पण जावाच्या नेहमीच्या ॲप्लिकेशनमध्ये चालायच्या वेळी हे सगळे मॉड्यूल एकाच क्लासपाथवर येतात. तिथे एका नावाचा क्लास एकदाच लोड होतो, तोही जी जार फाइल आधी सापडेल तिच्यातला. दुसऱ्या मॉड्यूलला कोणतं व्हर्जन हवं होतं, हे कोणी विचारत नाही.

अपाची हाइव्ह ३.१.२ हे हडूप ३.२.१ वर चालवू पाहणाऱ्यांनी हे भोगलं आहे. हाइव्हच्या लिब फोल्डरमध्ये गुगलच्या ग्वावा लायब्ररीचं १९.० व्हर्जन असतं, हडूपकडे २७.०. हाइव्ह सुरू करताच ‘नो सच मेथड एरर’ येते: ‘चेकआर्ग्युमेंट’ ही मेथड सापडत नाही. पण ती तर दोन्ही व्हर्जनमध्ये आहे! मग अडतं कुठे? जुन्या ग्वावात एरर-संदेशानंतरची आर्ग्युमेंट्स, मग ती कितीही असोत, एका ॲरेत भरून या मेथडकडे जात. दरवेळी ॲरे बनवण्याचा खर्च वाचावा म्हणून २०.० मध्ये एक-दोन आर्ग्युमेंटसाठी मेथडची स्वतंत्र रूपं आली. नव्या ग्वावासोबत हडूप कंपाइल केलं की कंपाइलर हे नेमकं रूप निवडतो आणि बाइटकोडमध्ये त्याचंच नाव लिहून ठेवतो. चालवताना १९.० समोर आलं की ते रूप तिथे नसतं. त्या ओळीतलं एक अक्षरही कोणी बदललेलं नसतं, कंपाइल विनातक्रार झालेलं असतं, तरी प्रोग्रॅम सुरू होतानाच कोसळतो.

यावर लोक हाइव्हमधली १९.० ची जार काढून तिथे हडूपची २७.० ठेवतात. काम चालतं, पण ते ठिगळच. हडूपने ३.३.१ पासून स्वतःच्या वापराचा ग्वावा वेगळ्या पॅकेजनावाखाली आत बांधून घेतला, तो उपाय अधिक शहाणा.

“जावा ९ ने हे सगळं सोडवलं,” असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. सप्टेंबर २०१७ मध्ये जावा ९ सोबत आलेल्या मॉड्यूल सिस्टिमचे शिल्पकार मार्क राइनहोल्ड यांनीच ‘द स्टेट ऑफ द मॉड्यूल सिस्टिम’मध्ये स्पष्ट केलं आहे की व्हर्जन निवडणं हे तिचं उद्दिष्ट नाही, ते काम बिल्ड टूलचं. आपल्याला लागणाऱ्या मॉड्यूलचं कोणतं व्हर्जन हवं, हे मॉड्यूलच्या घोषणेत लिहायची सोयच नाही. ओएसजीआय या दुसऱ्या मॉड्यूल-व्यवस्थेत प्रत्येक बंडलला वेगळा क्लासलोडर मिळतो, म्हणून दोन व्हर्जन शेजारी नांदू शकतात. पण एका व्हर्जनचा ऑब्जेक्ट दुसऱ्याच्या हाती गेला, की जावा त्यांना दोन परके टाइप मानतं.

बरं, बिल्ड टूल तरी एकमताने निवडतात का? मावेन डिपेंडन्सीच्या झाडात मुळाच्या सर्वांत जवळचं व्हर्जन उचलतं, मग ते जुनं का असेना. ग्रेडल एरवी सर्वांत वरचं घेतं. म्हणून व्हर्जन एकाच जागी, पॅरेंट पॉमच्या ‘डिपेंडन्सी मॅनेजमेंट’मध्ये, ठरवून टाकावं आणि एन्फोर्सर प्लगिनचा ‘डिपेंडन्सी कन्व्हर्जन्स’ नियम लावावा. मग विसंगती दिसली की बिल्डच थांबतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

“शेवटचाच आकडा बदललाय, काही मोडणार नाही.” सिमँटिक व्हर्जनिंग हे लेखकाने दिलेलं वचन आहे, ते पाळलं गेलंय का, हे तो आकडा तपासत नाही.

“आम्ही लॉगफोरजे घेतलेलंच नाही.” डिसेंबर २०२१ मध्ये त्यातली लॉगफोरशेलची त्रुटी उघड झाली, तेव्हा अनेकांकडे ते दुसऱ्या लायब्ररीच्या पोटातून आलेलं निघालं.

“एवढीशी लायब्ररी, तिने काय होणार?” मार्च २०१६ मध्ये अकरा ओळींचं ‘लेफ्ट-पॅड’ एनपीएमवरून काढलं गेलं आणि जगभरची बिल्ड अडली.

“व्हर्जन गोठवलं की सुरक्षित.” अपाची स्ट्रट्समधल्या सुरक्षा-त्रुटीची दुरुस्ती ७ मार्च २०१७ रोजी आली होती. इक्विफॅक्स कंपनीत ती बसवली गेली नाही आणि मे महिन्यापासून सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली.

मावेन वापरणाऱ्यांनी पुढच्या रिलीजआधी ‘डिपेंडन्सी ट्री’ची कमांड ‘व्हर्बोज’ पर्याय लावून जरूर चालवावी. ‘ओमिटेड फॉर कॉन्फ्लिक्ट’ असं जिथे जिथे दिसेल, तिथे टूलने परस्पर निकाल दिलेला आहे. तो आपल्याला मान्य आहे का, हे टीममधल्या कोणीतरी बसून तपासायला हवं.