वाहनाचा मार्ग आणि संभाव्यतेचा निवाडा

वाहनात बसविलेले उपग्रहग्राहक यंत्र क्षणोक्षणी आपले अक्षांश-रेखांश नोंदवीत असते. परंतु त्या नोंदी नकाशावर उतरवू गेल्यास एक बिंदू इमारतीत पडतो, दुसरा शेजारच्या गल्लीत, तर तिसरा नदीच्या पात्रात. उपग्रहांच्या नागरी संदेशात हेतुपुरस्सर मिसळलेला दोष अमेरिकी सरकारने मे 2000 मध्ये काढून घेतल्यावर ही तफावत पुष्कळ घटली खरी. तथापि उंच इमारतींवरून परावर्तित होणाऱ्या लहरींचा दोष कोणत्याही सरकारी हुकमाने दूर होणारा नव्हता. जो रस्ता सर्वांत जवळ तोच खरा मानावा, हा उपाय प्रथमदर्शनी पुरेसा वाटतो. पण समांतर रस्ते आले की वाहन क्षणात महामार्गावर, क्षणात सेवारस्त्यावर उड्या मारू लागते.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील पॉल न्यूसन आणि जॉन क्रम यांनी 2009 मध्ये या प्रश्नावर जी रीत मांडली, तिची मला वाटणारी थोरवी अशी, की ती प्रत्येक बिंदूचा स्वतंत्र निकाल लावण्याची घाई करीत नाही. न्यायाधीशाने सर्व साक्षी ऐकून मगच निवाडा द्यावा, तशी ती संपूर्ण प्रवासाचा एकत्र विचार करते. बिंदूच्या आसपासचे सारे रस्ते ती उमेदवार म्हणून घेते आणि बिंदूपासूनच्या अंतरानुसार प्रत्येकाची संभाव्यता ठरविते. दुसरी कसोटी अधिक मार्मिक आहे: लागोपाठच्या दोन बिंदूंमधील सरळ अंतर आणि त्यांच्या उमेदवार रस्त्यांना जोडणाऱ्या मार्गाची लांबी यांत फरक जितका मोठा, तितकी ती जोडी असंभाव्य. तीस मीटर पुढे सरकण्यासाठी वाहनाने एक किलोमीटरचा वळसा घेतला असावा, असे मानावे लागत असेल, तर ते अनुमानच बहुधा चुकीचे असते. मग या सर्व साखळ्यांतून सर्वाधिक संभाव्य साखळी निवडण्याचे काम अँड्र्यू व्हिटर्बी यांनी 1967 मध्ये संदेशवहनासाठी शोधलेली पद्धती करते. साखळीतील प्रत्येक कडी आधीच्या कडीवर अवलंबून असते, हा या रीतीच्या मुळाशी असलेला गणिती विचार रशियन गणितज्ञ मार्कोव्ह यांचा. त्यांनी 1913 मध्ये पुश्किनच्या काव्यातील वीस हजार अक्षरांत स्वर-व्यंजनांचा क्रम मोजून तो पडताळला होता!

सिएटल परिसरातील प्रत्यक्ष प्रवासावर घेतलेल्या परीक्षेत नोंदींमधील अंतर तीस सेकंदांपर्यंत वाढविले, तरी मार्ग जवळजवळ अचूक निघाला. त्यापुढे मात्र चुका वाढू लागल्या. संपूर्ण प्रवासाचा एकत्र विचार का हवा, ते मुंबईत दिसते: महंमद अली रोडवर जे. जे. उड्डाणपूल आहे, तेथे वरच्या आणि खालच्या रस्त्याचे अक्षांश-रेखांश जवळपास तेच असल्याने बिंदूंची जवळीक काहीच सांगत नाही, आणि वाहन पुलावर कोठे चढले व कोठे उतरले, या पूर्वापर संबंधावरूनच निर्णय लागतो.

व्हलहल्लासारख्या मुक्त संगणकप्रणालींत आज हीच रीत चालते, आणि तिला आधार असतो तो ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी रचलेल्या नकाशाचा. जो रस्ता नकाशात नाही, त्यावरून गेलेल्या वाहनाला ही रीत दुसऱ्याच रस्त्यावर नेऊन बसविते; म्हणून आपल्या गावचा रस्ता तेथे नोंदलेला नसेल, तर जाणकार वाचकांनी तो अवश्य नोंदवावा.