‘पोटात पाय’ आणि मोगऱ्याचे रक्षण

वरकरणी गरीब, पण आतून कावेबाज माणसास ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण लावतात. प्राणिशास्त्रातील ‘उदरपाद’ ह्या वर्गनामात मात्र उपहास नाही. पोटाखालचा सपाट स्नायू हाच तिचा खराखुरा पाय होय. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथे गच्चीत मोगरा किंवा निशिगंध जोपासणाऱ्यांनी म्हणीपेक्षा ह्या पायाकडेच लक्ष द्यावे.

हा पाय चिकट स्राव पाझरीत सरकतो व त्यास ओल लागते. म्हणून पावसाळा हा तिचा सुकाळ आणि रात्र ही तिची वेळ. बेन्सन ह्याने १८४७ मध्ये कलकत्त्यास सोडलेली आफ्रिकी राक्षसी गोगलगाय एका खेपेस शंभराहून अधिक अंडी मातीत घालते. तेव्हा वेचणी पहिल्या पावसातच सुरू झाली पाहिजे.

सायंकाळी कुंड्यांपाशी ओले गोणपाट पसरावे. पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगाई वेचून मिठाच्या पाण्यात टाकाव्या. हातमोजे हवेतच, आणि ते केवळ किळसेपोटी नव्हेत : मेंदूच्या आवरणाचा दाह घडविणारा एक कृमी गोगलगाईंमार्फत माणसात येतो. मीठ कुंडीत मात्र टाकू नये. त्याने मोगराही जातो. चुन्याची रेघ कोरडी असेतोवरच अडविते, आणि ठाण्याच्या आषाढात कोरडे काय राहते? मेटाल्डिहाइडच्या गोळ्या गुणकारी खऱ्या, पण कुत्र्यांस प्राणघातक. सामायिक अंगणात त्या टाकू नयेत. कुंडी उचलून पाहावी व खालच्या मातीत पिवळसर अंडी दिसल्यास तीही चिरडावी.