गुळाने फुप्फुसातली धूळ निघत नाही

अहिल्यानगरच्या काळ्या पाषाणात कोळसा नाही. राज्यातला कोळसा नागपूर, चंद्रपूर, यवतमाळकडच्या गोंडवाना खडकांत आहे. पण धुळीत राबणाऱ्याने गूळ खावा म्हणजे छाती साफ राहते, हा समज कोळसाखाणीपासून खडी क्रशरपर्यंत पसरलेला आहे आणि आपल्या उसाच्या जिल्ह्यात तो पटकन पटतोही.

गूळ जठरात जातो, फुप्फुसात नाही. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी १९९४ साली उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात गुळाचा काही फायदा दिसला होता. मात्र खाणकामगाराला धुळीमुळे होणारा फुप्फुसाचा आजार गुळाने टळतो किंवा बरा होतो, हे सिद्ध झालेले नाही. गूळ जरूर खावा, पण त्याच्या भरवशावर धुळीत उतरणे घातक आहे.

डोळ्यांवरही विसंबता येत नाही. दिव्याच्या झोतात दिसणारी जाड धूळ बहुतेक नाकाघशातच अडकते. फुप्फुसाच्या टोकाशी पोचणारे कण साधारण पाच मायक्रॉनहून बारीक असतात. आपला केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. त्यामुळे स्वच्छ दिसणारी हवाही कामगाराच्या अंगावर नमुना-यंत्र लावून पाळीभर मोजावी लागते. तोंडाला बांधलेल्या रुमालातून हे कण सहज आत जातात. एन-९५ मास्क ते अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच. दाढी असेल तर कडेने हवा शिरतेच.

खरा उपाय धूळ उठते तिथेच करायचा असतो. ड्रिल चालवताना भोकात पाणी सोडायचे, कोळसा कापणाऱ्या दातांवर फवारा ठेवायचा, एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर कोळसा पडतो ती जागा झाकून भिजवायची आणि कामाच्या तोंडापर्यंत ताजी हवा खेळवायची. एकदा हवेत पसरलेली बारीक धूळ फवाऱ्याने सहजी खाली बसत नाही. भुयारात टाकतात ती चुनखडीची पांढरी पूड कोळशाच्या धुळीचा स्फोट पसरू नये म्हणून असते. फुप्फुसांना तिचा आधार नाही.

सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, सिलिकोसिस, फक्त दगडखाणवाल्यांना होतो, असेही म्हणतात. पण कोळशाच्या थरावरचे छत अनेकदा वालुकाश्माचे असते. छताला बोल्ट मारताना त्यातली सिलिका उडते आणि ती कोळशाच्या धुळीपेक्षा घातक असते. अमेरिकेच्या मध्य अपलाचियात पंचवीस वर्षांहून जास्त काम केलेल्या, तपासलेल्या खाणकामगारांपैकी सुमारे पाचांत एकाला न्युमोकोनिओसिस (धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) असल्याचे २०१८ साली आढळले. कोळशाबरोबर खडक कापला जाणे हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते.

खाण सोडली की आजार थांबतो, हा समजही खोटा आहे. फुप्फुसात पडलेले व्रण नंतरही वाढू शकतात आणि सुरुवातीला दमही लागत नाही. म्हणून छातीचा एक्स-रे आणि श्वासाची तपासणी निवृत्तीनंतरही करत राहायला हवी.