बहिणीसाठी दिलेली साक्ष

घरात एका बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला, की दुसरीच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. पहिला, "हिलाच का?" आणि दुसरा, ओठांवर न येणारा, "आता पाळी माझी तर नाही ना?" ही भीती निराधार नव्हे. अशा बहिणीला हा रोग होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या जवळजवळ दुप्पट असतो. पण धोका दुप्पट म्हणजे रोग अटळ, असे मात्र समजू नका बरे! बहुतेक बहिणींना तो कधीच होत नाही.

मग एकीला होतो आणि दुसरीला नाही, हे कशामुळे? याचा माग काढण्यासाठी अमेरिकेतील पर्यावरण-आरोग्य संशोधनाच्या सरकारी संस्थेने 'सिस्टर स्टडी', म्हणजे भगिनी-अभ्यास, हाती घेतला. २००३ ते २००९ या काळात ५०,८८४ स्त्रियांनी त्यात नावे नोंदवली. वय ३५ ते ७४. बहिणीला स्तनाचा कर्करोग झालेला, पण स्वतःला नाही, ही अट.

तुम्ही विचाराल, दुखणे एकीचे आणि तपासणी धडधाकट बाईची, हे कसे? तीच तर खरी मेख आहे. रोग जडल्यावर मागच्या दहा वर्षांचे विचारले, तर आठवण दगा देते. शिवाय आजाराने नि औषधांनी रक्तही बदलते. म्हणून निरोगीपणीच सारे टिपून ठेवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. या बायकांनी रक्त दिले, लघवी दिली, पायाच्या नखांची कात्रणे दिली, इतकेच काय, घरातली धूळसुद्धा दिली! नखांत धातूंचे अंश साठतात, धुळीत घरगुती रसायनांचे.

या नोंदींतून २०१९ साली दिसले, की केसांचे पक्के रंग आणि केस सरळ करणारी रसायने वापरणाऱ्यांत या रोगाचे प्रमाण काहीसे अधिक होते. रंगांच्या बाबतीत ते कृष्णवर्णीय स्त्रियांत अधिक ठळक होते. अर्थात संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले, असे नव्हे.

यातून आजारी बहीण बरी होत नाही, हे त्या सगळ्यांना ठाऊक होते. तरी त्यांनी नखे कापून दिली, ती लेकीबाळींसाठी. तुमच्या आईला वा बहिणीला हा रोग झाला असेल, तर डॉक्टरांना सांगा; लपवू नका. आणि उद्या कोणी संशोधनासाठी विचारलेच, तर संमतिपत्र नीट वाचा, शंका विचारा. नको वाटले तर नाही म्हणा, मधूनही बाहेर पडा. तो तुमचा हक्कच आहे. पण हो म्हणालात, तर तुमची साक्ष कुणा अनोळखी बहिणीच्या उपयोगी पडेल.