विश्वासरावांच्या कानाजवळून गेलेली गोळी

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाच्या कथेनं पहिलं बक्षीस पटकावलं. लेखक कुणी नारायण विनायक जगताप. कोण हे जगताप? आद्याक्षरं उलट्या क्रमानं लावून पाहा: ना. वि. ज. चं होतं ज. वि. ना. अहो, हे तर जयंत विष्णू नारळीकर!

केंब्रिजचा रँग्लर, सत्ताविशीच्या आत पद्मभूषण मिळालेला खगोलशास्त्रज्ञ. नाव कळलं असतं तर परीक्षकांना कथा बाजूला ठेवणं जडच गेलं असतं. म्हणून टोपणनाव. आणि अक्षरानं घात होऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात! वैज्ञानिक मंडळी प्रयोगात पूर्वग्रह शिरू नये म्हणून धडपडतात. इथे माणसानं तोच बंदोबस्त स्वतःच्या प्रसिद्धीविरुद्ध केला.

गोष्टी लिहिण्याची ही खोड आली कुठून? केंब्रिजमध्ये त्यांचे गुरू होते फ्रेड हॉइल. ‘बिग बँग’ हे नाव ज्यांच्या तोंडून आलं आणि तो सिद्धांत ज्यांना कधीच पटला नाही, ते हेच. हॉइल कादंबऱ्याही लिहीत. सूर्याभोवती येऊन ठाण मांडणारा विचारी मेघ ही त्यांचीच कल्पना. गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धांतावर गुरूबरोबर काम करता करता शिष्याला ही दुसरी विद्याही लागली असावी, असा माझा आपला संशय.

पण नारळीकरांची खरी करामत पाहायची तर ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ वाचा. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे यांना ट्रकची धडक बसते आणि ते जागे होतात ते एका भलत्याच हिंदुस्थानात. पुण्याहून मुंबईला निघालेल्या गाडीला वाटेत सरहद्द लागते! मुंबईत अजून ईस्ट इंडिया कंपनीचं राज्य. पंत ग्रंथालयात जाऊन पोथ्या उलटू लागतात आणि त्यांना फाटा सापडतो. १४ जानेवारी १७६१, पानिपतची लढाई. आपल्या इतिहासात पेशव्यांचे पुत्र विश्वासराव यांना लागलेली गोळी या जगात त्यांच्या कानाजवळून निघून गेली. मराठे पानिपत जिंकले!

एका गोळीनं एवढं? इथेच नारळीकर गणिताला हाक मारतात. रेने थॉम या फ्रेंच गणितज्ञाची ‘कॅटॅस्ट्रॉफी थिअरी’ तेव्हा नवी होती. महाबळेश्वरच्या माथ्यावर पडणारा पावसाचा थेंब आठवा. बोटभर इकडे पडला तर कृष्णेतून बंगालच्या उपसागरात, बोटभर तिकडे पडला तर सावित्रीतून अरबी समुद्रात. कारण केवढंसं, परिणाम केवढा! पानिपतावरची दुपार अशाच माथ्यावर उभी होती.

मान्य. पण थेंब शेवटी एकाच बाजूला जातो ना? मग पंतांना दुसरी बाजू दिसली कशी? आता येते पुंज भौतिकी, आणि इथे खरोखर डोकं गरगरतं. इलेक्ट्रॉन नेमका कुठे सापडेल हे आधी सांगताच येत नाही. अमुक ठिकाणी सापडण्याची शक्यता इतकी, तमुक ठिकाणी तितकी, एवढंच समीकरण सांगतं. सापडला की बाकीच्या शक्यतांचं काय होतं? काही भौतिकशास्त्रज्ञ चक्क म्हणतात, काहीच होत नाही, त्या आपापल्या वेगळ्या जगात खऱ्याच असतात. इलेक्ट्रॉनचा हा हक्क नारळीकरांनी एका गोळीला दिला. शाळेत शंभरदा हरलेलं पानिपत, आणि ते कुठेतरी जिंकलेलंही असू शकतं, हे भौतिकशास्त्राच्या भाषेत सांगायचं! मराठी वाचकाला पुंज भौतिकी शिकवायला याहून लबाड युक्ती मला माहीत नाही.

आणि विनोद तर विचारूच नका. गंगाधरपंतांनी आपल्या जगात ९९९ सभांचं अध्यक्षस्थान भूषवलेलं. त्या दुसऱ्या मुंबईत आझाद मैदानावर भाषण चाललेलं त्यांना दिसतं, आणि व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची चक्क रिकामी! पंतांना कसं राहवणार? ते वर चढून बसतात आणि बोलायला लागतात. तिथल्या लोकांनी मात्र असली लांबलचक अध्यक्षीय भाषणं कधीच मोडीत काढलेली. हवेतून वस्तू येऊ लागतात, पंतांना खाली खेचलं जातं आणि ते पुन्हा आपल्या जगात येऊन पडतात. पुढे पानिपतावरच्या परिसंवादाचं अध्यक्षपद आपल्याला जमणार नाही, असं ते कळवून टाकतात. हजारावं भाषण झालं होतं ना!