नावेवरची पवनचक्की : घ्यावी की नको?



आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी इंग्लंडमध्ये कालव्यातल्या नावेत राहतो. (तिथे पुष्कळ लोक बारमाही नावेतच संसार करतात. नाव जेमतेम ७ फूट रुंद. बऱ्याच जुन्या कालव्यांच्या दरवाजांतून त्याहून रुंद नाव जातच नाही.) मध्यंतरी त्याचे पत्र आले : "सर, छपरावर ४०० वॅटची लहान पवनचक्की बसवू का? फ्रिज, दिवे भागतील?"

प्रश्न पैशांचा होता, म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

सव्वा मीटरहून कमी व्यासाच्या अशा चक्कीचे ४०० वॅट मिळतात ते वारा ताशी ४५ किलोमीटर असेल तेव्हा. एवढ्या वाऱ्यात हातातली छत्री धड राहत नाही! आता गंमत पाहा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की हवेच्या प्रत्येक कणाची गतिज ऊर्जा चौपट होते आणि शिवाय दर सेकंदाला पंख्यातून दुप्पट हवा जाते. म्हणजे शक्ती आठपट. वेग निम्मा झाला तर तीच एक अष्टमांश. ताशी साडेबावीस किलोमीटरला ५० वॅट आणि ११ किलोमीटरला फक्त ६ वॅट. नावेतला लहान फ्रिज दिवसाला साधारण ५०० वॅट-तास खातो. ६ वॅट चोवीस तास मिळाले तरी १४४ च होतात.

कालवा वाहतो सखल जागी. दोन्ही काठांना झाडे, कुंपणे, कुठे खोल खोदकाम. तिथे वारा मंद असतो आणि भोवरे खात येतो. देवासजवळ जामगोदरानीच्या पवनचक्क्या टेकडीवर उंच खांबांवर का उभ्या केल्या, याचे उत्तर इथेच आहे. नावेवर खांब फार उंच करता येत नाही, पुलाखालून जायचे असते. त्यातून खांबाची थरथर लोखंडी नावेत उतरते आणि रात्री झोपमोड होते ती वेगळीच.

मग नावेवरची पवनचक्की वायाच का? तसे नाही. कॅरिबियन बेटांजवळ नांगर टाकून राहणाऱ्या शिडाच्या नावांना व्यापारी वारे मिळतात. ताशी २८ किलोमीटरला हीच चक्की ९५ वॅटच्या आसपास देते, आणि रात्रीही देते. पण तीच नाव वाऱ्याच्या दिशेने ताशी १० किलोमीटरने निघाली, की चक्कीला वारा उरतो १८ चा आणि वीज २५ वॅट! पाठीवर वारा घेऊन सायकल चालवणाऱ्याला हे सांगायला नको.

नान्सेन यांचे 'फ्राम' जहाज १८९३ ते १८९६ या काळात उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात मुद्दाम अडकवून ठेवले होते. त्यावर विजेच्या दिव्यांसाठी पवनचक्की होती. महिनोन्‌महिने सूर्य नाही, अडवायला झाड नाही. तिथे ती निवड अगदी योग्य होती.

आमच्या विद्यार्थ्याला लिहिले : आधी सौरपट्ट्या घे, तुझे सपाट छप्पर रिकामेच आहे. डिसेंबरात लंडनकडे दिवस आठ तासांचाही नसतो, तेव्हा त्या पुरणार नाहीत. त्या दिवसांत इंजिन चालवताना बॅटरी भरून घे. तरीही चक्कीचा मोह सुटत नसेल, तर हातात धरायचा वायुवेगमापक आण, नाव नेहमी बांधतोस तिथे महिनाभर रोज आकडे टिपून मला पाठव. मगच पाकिटाला हात लाव.