कबुलीजबाब, अर्ज आणि कादंबरी

निर्वासित कुटुंबाचा भूतकाळ दोन ठिकाणी सापडतो: सरकारी फायलीत आणि घरातल्या अबोल्यात. फायलीत असेल ते खरं आणि कादंबरीत येईल ते रचलेलं, असं आपण सहज धरून चालतो. व्हिएतनामी निर्वासितांच्या घरांतून आलेल्या लेखकांच्या कादंबऱ्या वाचल्या, की ही समजूत डळमळते. या कुटुंबांच्या बाबतीत कागदावरची हकिगतच अनेकदा भीतीपोटी बेतलेली आहे आणि तीच हकिगत भीती वगळून सांगण्याची जागा कादंबरीनं दिली, असं माझं ठाम मत आहे.

30 एप्रिल 1975 रोजी दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन पडलं. त्या वर्षी सव्वा लाखाच्या आसपास लोक अमेरिकेत पोहोचले. पुढच्या 20 वर्षांत सुमारे 8 लाख माणसं होड्यांतून शेजारच्या देशांच्या किनाऱ्याला लागली. समुद्रात किती बुडाले याचे फक्त अंदाज आहेत. पण परागंदा होण्याची ही गोष्ट 1975 ला सुरू झालेली नाही. 1954 च्या जिनिव्हा करारानं देशाचे दोन भाग झाले, कुठं राहायचं ते ठरवायला 300 दिवसांची मुभा मिळाली आणि उत्तरेतले 8 ते 10 लाख लोक दक्षिणेत उतरले. त्यांत कॅथलिक बहुसंख्य होते. (या करारावर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या लक्षात नाही.) कादंबरीकार व्हिएत थान्ह न्गुयेन यांचे आईवडील याच लोंढ्यातून दक्षिणेत आले. अमेरिका हे त्यांचं दुसरं स्थलांतर होतं. अशा घरात ‘आपलं मूळ गाव कुठलं’ या प्रश्नाला एक उत्तर नसतं.

युद्धानंतर दक्षिणेच्या सैन्यातले अधिकारी आणि सरकारी नोकर ‘पुनर्शिक्षण’ छावण्यांत डांबले गेले, काही तर दहा वर्षांहून अधिक काळ. तिथं कैद्याला स्वतःची जीवनकथा लिहून द्यावी लागे, आणि एकदा लिहून भागत नसे. पुन्हा पुन्हा लिहायची, आधीच्या मजकुराशी विसंगत काही निघालं तर जाब द्यायचा. छावणीबाहेरही कुटुंबाची पूर्वपीठिका नोंदलेली असे आणि मुलांचं शिक्षण, नोकरी त्यावर अडे. जे निसटले त्यांनाही हा कागद सुटला नाही. 1988 मध्ये हाँगकाँगनं आणि 1989 नंतर आग्नेय आशियातल्या इतर देशांनी आलेल्या प्रत्येकाची छाननी सुरू केली. आपला खरोखर छळ झाला हे अधिकाऱ्यापुढं सिद्ध करा, नाहीतर परत जा. एका टेबलापुढं जुन्या राजवटीशी असलेला संबंध लपवण्यात शहाणपण होतं, दुसऱ्या टेबलापुढं तो ठळक सांगण्यात. ज्या आईबापांनी आपलं आयुष्य असं दोनदा जुळवून सांगितलं, ते मुलांपुढं गप्प राहिले यात नवल कसलं? त्या गप्प बसण्यात दुःख आहेच, पण अंगवळणी पडलेली सावधगिरीही आहे.

न्गुयेन यांच्या ‘द सिम्पथायझर’ (2015) या पुलित्झरविजेत्या कादंबरीची घडण म्हणूनच विलक्षण नेमकी वाटते. दक्षिणेच्या सैन्यात पेरलेला कम्युनिस्ट हेर, फ्रेंच पाद्री आणि व्हिएतनामी आई यांचा मुलगा, कोठडीत बसून कमांडंटसाठी कबुलीजबाब लिहितो आहे, आणि तो कबुलीजबाब म्हणजेच कादंबरी. सत्तेनं माणसाकडून जो कागद जबरदस्तीनं लिहून घेतला, त्याच कागदावर लेखक त्याला दोन्ही बाजू एकदम बोलू देतो. लेखिका ले थी दिएम थुई यांचं उदाहरण आणखी बोलकं आहे. अमेरिकी नौदलाच्या जहाजानं वाचवल्यावर वडिलांनी अर्जावर चुकून या मुलीच्या जागी थोरल्या मुलीचं नाव लिहिलं. ती थोरली पुढं मलेशियातल्या छावणीत बुडून गेली आणि धाकटीनं तेच नाव कायम ठेवलं. दफ्तरात ही नोंद चूक ठरेल, घरात ती एका मुलीची आठवण आहे. त्यांच्या 2003 च्या कादंबरीत निवेदक मुलीला नावच नाही आणि बुडालेल्या भावाचा विषय घरात कुणी काढत नाही.

यावर इतिहासाचे अभ्यासक म्हणतील, ‘रिकाम्या जागा कल्पनेनं भरल्या, की जो तो आपल्या सोयीचे पूर्वज घडवणार.’ धोका खरा आहे. विशेषतः पराभूतांच्या वस्त्यांत हरवलेला देश होता त्याहून निष्पाप होत जातो. पण चांगली कादंबरी नेमकी तिथंच अडवते. न्गुयेन फान क्वे माई यांच्या ‘द माउंटन्स सिंग’ (2020) मध्ये उत्तरेतल्या भूसुधारणेच्या काळात जमीनदार ठरवलेल्या घरातली आई लेकरांना घेऊन पायी पळते आणि ती जगावीत म्हणून एकेकाला वाटेत ठेवून पुढं जाते. देश न सोडताही ती निर्वासित आहे. पुढं तिचंच घर युद्धाच्या दोन्ही बाजूंना विभागलं जातं. हे वाचून कुणाच्याच पूर्वजांना सोयीचं रूप येत नाही.

‘हे सगळं इंग्रजी-फ्रेंचमध्ये, परक्यांसाठी लिहिलं जातं,’ हा आक्षेप मला अधिक बोचतो. ज्यांच्या आयुष्यावर पुस्तक बेतलं, त्या आईलाच ते वाचता येत नाही. ओशन व्हुआँग यांच्या 2019 च्या कादंबरीत तर मुलगा निरक्षर आईला पत्र लिहितो. ही हानी नाकारण्यात अर्थ नाही. एवढंच म्हणता येईल, की मायभाषा ही छावणीतल्या आणि घरातल्या त्याच सावधगिरीची भाषा होती. क्वे माई व्हिएतनामीत कविता लिहीत होत्या, पण कादंबरीसाठी त्यांनी इंग्रजी घेतली. तेवढ्या अंतराची त्यांना गरज होती, असं मला वाटतं.

त्यांचीच ‘डस्ट चाइल्ड’ (2023) अमेरिकी सैनिक आणि व्हिएतनामी स्त्रिया यांच्या मुलांविषयी आहे. 1987 च्या अमेरिकी कायद्यानं अशा मुलांना जवळच्या नातलगांसह येण्याची परवानगी दिली आणि ती 20 हजारांहून अधिक संख्येनं गेली. तोवर ‘धुळीची पोरं’ म्हणून हिणवल्या गेलेल्या या मुलांना अचानक भाव आला. व्हिसासाठी परकी कुटुंबं त्यांची ‘नातेवाईक’ झाली, बनावट कागद तयार झाले, मग मुलाखती कडक झाल्या आणि खरी मुलंही नाकारली गेली. बापाचं नाव ठाऊक नसलेल्या माणसाला खिडकीवर विचारतात, तुझं कुटुंब कोणतं? त्याच्याजवळ फॉर्ममध्ये बसेल असं उत्तर नाही आणि जे उत्तर आहे ते ऐकून घ्यायला कादंबरीला तीनशेहून अधिक पानं लागतात.